विचारलं तिनं होतं

स्क्रू पितळी होता, कितीतरी बोटांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला, आणि तिनं तो किंचित डावीकडे वळवला तशी नळीतली जाड पिवळी रेघ आधी बारीक झाली, मग थरथरल्यासारखी... आणि मग तिच्या मधोमध अंधाराची एक फट उघडली. दोन रेघा. अगदी शेजारीशेजारी, तरी एकमेकींना न शिवलेल्या. पुस्तकात सोडियमच्या दिव्याच्या या दोन रेघांचं चित्र तिनं पाहिलं होतं, पण चित्र म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. हे म्हणजे आपण स्वतः मांडवात उभं राहणं.

"सर, पहिल्या वर्षाला हे यंत्र आम्हाला स्वतः वापरू देतात का?"

"त्याचं असं आहे," त्या मोठ्या कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, आणि आवाज तिच्या दिशेनं येईना म्हणून तिनं नळीवरून डोळा काढला. ते तिच्या बाबांकडे बघत होते. "पहिल्या वर्षापासून हात लावू देतो. आमच्याकडे यंत्रं कपाटात ठेवायची पद्धत नाही."

"बरोबर, बरोबर," बाबा म्हणाले.

बाबांचं सलून आहे. दिवसभर माना कापडात गुंडाळायच्या, कात्री चालवायची आणि खुर्चीतला माणूस जे बोलेल त्याला बरोबर म्हणायचं. हातात वस्तरा असताना वाद घालू नये, हे त्यांचं धोरण. पण इथं कुठं वस्तरा होता? आणि यंत्राबद्दल विचारलं कुणी होतं?

तिनं पुन्हा विचारलं. जरा मोठ्यानं, यंत्राला वळसा घालून थेट त्यांच्या समोर जाऊन. प्रकाशावरच पुढं संशोधन करायचं असेल तर इथून वाट आहे का? प्राध्यापकांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली — आणि तिच्या डोक्यावरून बाबांना सांगितलं, "काळजी करू नका. मुलींना नंतर शाळेत नोकरी सहज मिळते."

बरोबर, बरोबर.

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी काय इथं कोट टांगायची खुंटी आहे? तोंड माझं हललं, आवाज माझा आला, आणि उत्तर मात्र... अपमान म्हणावा तर माणूस उद्धटही नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. उलट बाबांना खुर्ची दिली, पाणी विचारलं, जिन्यापर्यंत पोचवायला आले. इतक्या सभ्यपणे तिला वजा केलं होतं की ओरडायला कुठं जागाच सापडेना.

गेल्या आठवड्यात घराजवळच्या छोट्या कॉलेजात — तिथल्या मॅडम तिच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या, खडू हातात घेऊन तिच्याशी चक्क हुज्जत घातली होती त्यांनी, आणि तिचं म्हणणं चुकलं तेव्हा "चूक, पण विचार करून केलेली आहे," म्हणून हसल्या होत्या. बाबा बाहेर बाकावर डुलक्या काढत होते. तिथलंही यंत्र तिनं पाहिलं. स्क्रू फिरवला, फिरवला... रेघ एकच. "दोन असतात," मॅडम म्हणाल्या, "पण आपलं यंत्र म्हातारं झालंय. सांगू शकते, दाखवू शकत नाही."

आणि उद्या दुपारपर्यंत प्रवेशासाठी दोन्हीतलं एक कॉलेज कळवायचं होतं. जिथं रेघा दोन दिसतात तिथं मी दिसत नाही. जिथं मी दिसते तिथं... ही काय निवड झाली! कुणी ठरवलं की दोन्ही एकदम मागायचं नाही?

बसमध्ये बाबा खुशीत होते. "विद्वान माणूस. फक्त केस मागून कुणी कापलेत कोण जाणे, मान उघडी टाकलीये नुसती."

"तुम्ही त्यांना म्हणाला का नाहीत, की तिला सांगा?"

"अगं, एवढा मोठा माणूस. आपण कसं बोलायचं? गिऱ्हाइकाला मी तरी कधी..."

"गिऱ्हाईक आपण होतो, बाबा! ते नव्हते!"

पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघू लागले, आणि घर येईपर्यंत बरोबरही म्हणाले नाहीत. त्याचंही तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

घरी आई सलूनचे धुतलेले टॉवेल घेऊन जमिनीवर बसली होती. "काय वकीलबाई, काय दिसलं त्या मोठ्या कॉलेजात?"

त्या एका प्रश्नानं तिचं सगळं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. उजेड आत येतो ती खाच किती बारीक करायची, पिवळा उजेड कसा दुभंगतो, त्या दोन रेघांमधला अंधार किती स्वच्छ असतो... हातवारे करून, एका दमात. बूट काढता काढता बाबा मान डोलवत होते.

"अगं," आई टॉवेल झटकत म्हणाली, "विचारलं मी."

ती थांबली. तिचं तोंड बाबांकडे होतं. मघापासून, अख्खा वेळ, ती बाबांनाच सांगत होती.

कारणं लगेच धावून आली: बाबांनी ते यंत्र पाहिलंय, आईला कुठून कळणार, आईची शाळा लवकर सुटली, आईचा चेहरा म्हणजे भूक लागली की बघायचा चेहरा... चांगली, मऊ, घडी घातलेली कारणं. त्या कॉलेजातल्या माणसाकडेही असतीलच अशी. असू देत! म्हणून त्याला माफी नाही. आणि मलाही नाही.

ती आईच्या समोर मांडी घालून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली, आईच्या डोळ्यांत बघून. हे कठीण होतं. आईचे डोळे बरोबर, बरोबर म्हणत नव्हते. न कळलं की थांबवत होते, "परत सांग" म्हणत होते. शेवटी आईनं टॉवेल मांडीवर ठेवला.

"बरं, पण मग दोनच का? तीन का नाहीत?"

पुस्तकात दोन होत्या, म्हणून दोन. यंत्रात दोन दिसल्या, म्हणून दोन. का, हे तिनं विचारलंच नव्हतं — इतका वेळ तो प्राध्यापक कुणाकडे बघतोय हेच मोजत उभी होती. मॅडम म्हणतील, शोधूया. त्या माणसाला बहुतेक आत्ताच ठाऊक असेल. आणि वर्गात बाबा नसतील, मग तो कुणाकडे बघून सांगेल? भिंतीकडे? तिच्या शेजारच्या मुलाकडे?

"माहीत नाही," ती म्हणाली.

राग होता तिथंच होता, तसूभरही कमी नाही. पण आता त्याला स्वस्थ बसवेना. दोनच का, दोनच का... आणि कुठल्या दारावर जाऊन हे विचारायचं ते ठरत नसताना तिला एवढंच पक्कं कळत होतं, की उत्तर ऐकल्याशिवाय ती तिथून हलणार नाही, आणि ते तिच्या तोंडावर द्यावं लागेल.