अकरावा धडा

नोकरीची पहिली बारा वर्षं ब्लाझेन्काबाईंनी रशियन शिकवलं. मग जुना देश मोडून नवा झाला, रशियनला कुत्रंही विचारेना, आणि सरकारने दोन उन्हाळ्यांचा वर्ग देऊन त्यांना इंग्रजीच्या बाई करून टाकलं. उशिरा घरात आलेली सून लेकीपेक्षा कुळाचार कडक पाळते, तसं बाईंनी इंग्रजी व्याकरण पाळलं. त्यांची एक चुकांची वही होती. कोणी कोणती चूक किती वेळा केली, सगळं त्यात रेघा मारून ठेवलेलं. सगळ्यांत लांब रांग ‘जेव्हा’ची.

त्याला लोकांचाही इलाज नव्हता. त्यांच्या गावच्या बोलीत जे घडणारच नाही तेही ‘जेव्हा’नेच सुरू होतं. जेव्हा मला पंख असते. जेव्हा माझा नवरा दारू प्यायला नसता. इंग्रजीत तिथे ‘इफ’ लागतं, म्हणजे ‘जर’, हे तीस वर्षं सांगून बाईंचा घसा बसला. ज्यांच्या डोक्यात ते शिरलं ते नोकरीसाठी आयर्लंडला गेले. गावात फिरताना बाईंना वाटे, आपण आपल्या नापासांच्या यादीतून चाललोय.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली. शेजारच्या गल्लीतली रेझामावशी, वय अठ्ठ्याहत्तर. तिचा मुलगा आंतुन लढाईच्या दिवसांत आयर्लंडला गेला, तिथलीच बायको केली, आणि तीन वर्षांपूर्वी पेटीतून परत आला. त्याचा मुलगा डेक्लन, सव्वीस वर्षांचा, दफनाला आला होता. आजी-नातवाला एकमेकांचा एक शब्द कळेना. दोन दिवस दोघं नुसते हात धरून बसले, मग तो गेला. मावशीला एकच हवं होतं. सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, गाव कबरींवर दिवे लावतं तेव्हा, त्याने एकदा बापापाशी उभं राहावं.

सप्टेंबरात तिने नातवाला इंग्रजीत लिहिलेल्या पत्राचा कागद पुढे केला. बाईंनी लाल पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीत ‘जेव्हा’ खोडून ‘जर’ केलं.

“हे काय गं केलंस, मास्तरीणबाई? मी ‘जेव्हा येशील’ लिहिलंय. जर कुठून काढलंस?”

“मावशी, तुझं वाक्य दुसऱ्या प्रकारात जातंय. जर, आणि पुढे भूतकाळ. जे होण्यातलं नाही, त्यासाठी.”

“म्हणजे माझ्याच पत्रात मीच त्याला कळवू, की बाबा, तू काही येत नाहीस?”

“नियम आहे तो.”

“चुलीत घाल तुझा नियम. जे होणार नाही ते बोलायला परकी भाषा कशाला शिकू? त्याला आपली बोली पुरते की!”

अखेर पहिल्या प्रकारावर तडजोड झाली. जर तू आलास, तर मी खसखशीचा रोल करीन. यात आशा शाबूत राहते. दुसरा प्रकार आणि तिसरा, घडायचं राहून गेलेल्यासाठीचा, म्हणजे पुस्तकातला अकरावा धडा, मावशीने शिकायचं साफ नाकारलं. बाईंनीही पान उलटलं.

ऑक्टोबरच्या मध्याला उत्तर आलं. मावशी पाकीट नाचवत स्वयंपाकघरात शिरली.

“बघ! नातू माझ्यावर गेलाय! इंग्रजांच्या शेजारी जन्मला आणि चूक करतो! ‘आय’ला ‘वेअर’ लावलंय गाढवाने. तूच शिकवलंस ना, आय वॉज, यू वेअर?”

बाईंनी चष्मा लावला. अक्षर सुबक होतं. आजी, त्या दिवशी मी तुझ्या गावी असतो, तर तुझ्यासोबत दिवा लावला असता. ‘आय’पुढचं ते ‘वेअर’ चूक नव्हतं. पोराने फार काळजीपूर्वक लिहिलं होतं. माणूस जिथे नाही आणि नसणार, तिथे आपण आहोत असं धरून बोलायचं, तर इंग्रजीत ‘वॉज’ही बाजूला सारतात आणि ‘वेअर’ ठेवतात. पुस्तकात त्याला एक चौकट होती, अकराव्या धड्यात.

“कर ना दुरुस्त,” मावशी म्हणाली. “माझं तर कागदभर लाल करतेस. त्याला काय सोडायचं?”

तीस वर्षांत बाईंनी एकही चूक सोडली नव्हती आणि एकही बरोबर शब्द खोडला नव्हता. त्यांनी मावशीकडे पाहिलं. म्हातारीने चर्चला जाताना विंचरावेत तसे केस विंचरले होते, बुधवार असून. बाईंनी ‘वेअर’वर रेघ मारली आणि वर ‘अ‍ॅम’ लिहिलं. पुढचंही पहिल्या प्रकारात बसवलं. मी गावी असलो, तर दिवा लावीन.

“आता कसं!” मावशी म्हणाली आणि पत्र ब्लाउजात खोचून गेली.

एक नोव्हेंबरला धुकं दुपारपर्यंत हललं नाही. बाई दफनभूमीत पोचल्या तेव्हा मावशी आंतुनच्या कबरीपाशी घडीच्या खुर्चीवर बसली होती. शेवंतीच्या दोन कुंड्या. काचेचे तीन दिवे, पैकी दोन पेटलेले. मांडीवर फडक्यात रोल. विन्कोव्त्सी शहराहून येणारी शेवटची बस चारला येऊन गेली होती. तिच्यातून पाववाल्याची सासू तेवढी उतरली.

बाई बाजूला उभ्या राहिल्या.

“अकरावा धडा मी वाचला होता,” मावशी म्हणाली. “तू दुरुस्त केलंस त्याच आठवड्यात. चौकटीतलंसुद्धा.”

बाई तिच्याकडे वळल्या. “मग इथे का बसलीस गं सकाळपासून?”

“पुस्तकात वेगळं होतं खरं. पण म्हटलं, पुस्तक कोणीही छापतं. मास्तरीण चुकत नाही.”

तिने तिसरा दिवा आणि काड्यापेटी बाईंच्या हातात दिली. बाईंच्या दोन काड्या विझल्या. तिसरी लागली.

मग मावशी कबरीकडे बघत, एकेक शब्द ठेवत, इंग्रजीत बोलली. तो आला असता, तर त्याने लावला असता. तिसरा प्रकार. बाईंनी सवयीने वाक्य आतल्या आत तपासलं, आधी पूर्वार्ध, मग उत्तरार्ध.

एकही चूक नव्हती.