मुकी डबी

लेकीने डबीच्या तळाचे स्क्रू काढून बशीत टाकले, तरी आईने पर्स मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"मोडलं का गं?" आईने विचारलं.

"मोडायला आधी चालायला तर हवं."

डबी म्हणजे गिटारचं पेडल. गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प यांच्या मधे जोडायचं, पायाने बटण दाबायचं, की स्वच्छ आवाजाला खरखरीत धार चढते. हे बाबांनी घरी बनवलं होतं. ना रंग, ना वर एक अक्षर. ज्याला वापरायचंय त्याला कळतं, असं त्यांचं तत्त्व. अ‍ॅल्युमिनियमचा नुसता डबा, एक बटण, एक नॉब आणि दोन बाजूंना दोन सॉकेटं. आईने तो जुन्या टॉवेलात गुंडाळून बसमधून जपून आणला होता. काही बोलू नकोस, नुसतं दे, एवढाच बाबांचा निरोप. आणि आता बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि आवाज गुडूप. पुन्हा दाबलं की दिवा विझायचा आणि गिटार पहिल्यासारखी साधी वाजायची. म्हणजे डबीतून गेलं रे गेलं की मौनव्रत.

बाबांनी तिच्याशी गिटारबद्दल बोलणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. शिकवली त्यांनीच. पण लेक डावखुरी, आणि बाबांचा हट्ट की गिटार उजव्यांसारखीच धरायची. जग उजव्यांचं आहे, उद्या दुसऱ्या कुणाची गिटार हातात आली तर काय नुसत्या टाळ्या वाजवणार आहेस, असं ते म्हणायचे. तिने पहिल्या पगारातून डाव्या हाताची गिटार आणली, तेव्हा त्यांनी ती टेबलावर फिरवून पाहिली, "चुकून उलटी दिली वाटतं दुकानदाराने," म्हणाले आणि दुरुस्तीला आलेला समोरचा स्पीकर उघडून बसले. खाण तशी माती. लेकही काही बोलली नाही. पुढे नोकरीसाठी ती दुसऱ्या गावी खोली घेऊन राहिली, आणि फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे बापलेकीची गाडी कधी गेली नाही.

उद्या संध्याकाळी ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती. बाबांना ते आईकडूनच कळलं असणार. आईच्या पोटात काही राहत नाही. टॉवेल सोडताना लेकीला वाटलं होतं, संपलं एकदाचं, बाबांनी अबोला सोडला. म्हणून तर आता तिला रडू येण्याइतका राग येत होता.

तिने बॅटरी बदलली. दुसऱ्या वायरी लावून पाहिल्या. तळाचं झाकण आत कुठे टेकतंय का ते पाहिलं. मग भिंग घेऊन सोल्डर केलेला एकेक जोड तपासला. सगळे बाबांच्या हातचे, ज्वारीच्या दाण्यासारखे टपोरे आणि चकचकीत. नाव ठेवायला जागा नाही.

"देताना तपासलं होतं ना त्यांनी?"

"दिवसभर तेच तर चाललं होतं," आई म्हणाली.

लेकीचा विश्वास बसला नाही. बाबांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेली वस्तू कधी परत आल्याचं तिला आठवत नव्हतं. परक्यांची कामं इतकी चोख, आणि आपल्या वेळी हे. मनापासून केलं असतं तर वाजवून पाहिलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

शेवटी तिने अंदाज बांधणं सोडलं. गिटारचा आवाज आत जिथे पोचायला हवा, तिथल्या वायरीवर बोट ठेवलं आणि उलटी निघाली. वायर सॉकेटला पोचली. तिने डबी सरळ केली, पुन्हा पालथी केली, पुन्हा सरळ केली. सॉकेट डावीकडचं होतं. पेडल कुठलंही असो, गिटार उजवीकडे जोडतात आणि अ‍ॅम्प डावीकडे. तिनेही सवयीने तसंच जोडलं होतं. तिने दोन्ही वायरींची अदलाबदल केली, बटण दाबलं आणि तार छेडली.

खोली अशी दणाणली की आईची पर्स खाली पडली.

"बाबा चुकले," लेक हसायला लागली. "आई, बाबा चुकले!"

डबा पालथा ठेवून भोकं पाडताना डावं-उजवं उलटं होतं. शिकाऊ माणसांचं होतं, बाबांचं झालं. तिने फोन उचलला. वाक्य तयारच होतं: चुकून उलटं झालं वाटतं.

"चुकतील कसे?" आई वाकून पर्स उचलत म्हणाली. "एक डबी तर भोकं पाडून झाल्यावर भंगारात टाकली. म्हणाले, ही बाजू तिला नाही चालायची. मग गिटार गळ्यात अडकवून कपाटाच्या आरशासमोर उभे. मला वाटलं, म्हातारा आता हिरो व्हायला निघाला."

"आरशासमोर?"

"आरशात बघायचे, खाली डबीकडे बघायचे, परत आरशात. मी हसले तर माझ्यावरच खेकसले."

लेकीने फोन ठेवला. डबी जमिनीवर, पायांपुढे ठेवली आणि गिटार गळ्यात घातली. तिच्या गिटारची वायर डाव्या कमरेपाशी बाहेर येते. दुसऱ्या कुठल्याही पेडलला ती पायांपुढून उजवीकडे ओढून न्यावी लागायची. सरावाच्या वेळी एकदा तिच्यात पाय अडकून ती तोंडघशी पडता पडता वाचली होती. आता वायर सरळ खाली उतरली आणि सॉकेटात गेली. आरशात उजव्याचं डावं होतं; तिथे बाबांना ही वायर अशीच दिसली असणार.

मग तिने फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"वाजतंय का?"

"वाजतंय." तयार ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "वायर पायात येत नाही, बाबा."



"नाहीच येणार," बाबा म्हणाले. "आईला म्हणावं, परत यायची घाई करू नकोस. उद्या मीच येतोय तिकडे."