कुंदाचं नाव नसलेली वंशावळ

मी मोरोपंत वकिलांच्या घरातली वंशावळ बोलतेय. अमरावतीत त्यांच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत टांगलेली. सात पिढ्यांचे पुरुष माझ्या अंगावर आहेत. आधी बाई औषधालाही नव्हती. ही सगळी मंडळी बहुधा आभाळातून पडली असावीत.

एकावन्न साली मोरोपंतांनी मला नव्या कागदावर उतरवून घेतलं. गेलेल्याच्या नावाखाली तिथी आणि वय. का, तर श्राद्ध चुकू नये. ते कधी चुकलं नाही. मोरोपंतांचे आजोबा पंचेचाळीस, वडील त्रेचाळीस, थोरला भाऊ एक्केचाळीस. तिघंही शौचातून रक्त जाऊन, पोटाच्या दुखण्यानं गेले. हे आकडे मोरोपंत दर पितृपक्षात वाचत आणि ‘घराण्याला शाप आहे’ म्हणून आणखी एक वडा घेत.

थोरल्या भावाची मुलं, चिंतामण आणि कुंदा, त्यांनीच वाढवली. कुंदाला अकोल्यात दिली होती. अठ्ठावन्न साली ती बापाच्या श्राद्धाला आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानंच.

“काका, मलेही रक्त जाऊन राहिलं. डॉक्टर म्हणतात, घरात कोणाकोणाले होतं ते दाखवा. वंशावळ देता का?”

“तुले कायले? लग्नात तुझं गोत्र बदललं. आमच्या घराण्याचं दुखणं तुझ्यामागं येईलच कसं?”

मुद्दा बिनतोड होता. रक्ताला तेवढी नोटीस पाठवायची राहिली होती.

कुंदाची आई गोदावरी त्या घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं मला भिंतीवरून काढलं आणि लुगड्यात गुंडाळून लेकीच्या हाती दिलं. “भावजींचं मी पाहून घेईन,” म्हणाली.

अकोल्याच्या डॉक्टर भगवंतरावांनी मला चौकटीतून काढून टेबलावर आडवं केलं. “अन् बायका कुठं आहेत?”

“सत्यभामा आत्या बेचाळिसाव्या वर्षी गेली. तिलेही असंच रक्त जाये. पण बाळंतपण बाधलं म्हणत.”

“शेवटचं बाळंतपण कधीचं?”

“वीस वर्षं आधीचं.”

डॉक्टरांनी पेन्सिलीनं माझ्यावर सत्यभामा लिहिली, कुंदा लिहिली. तपासणीत कुंदाच्या आतड्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि ती वाचली. डॉक्टरांनी मला परत धाडताना सोबत चिठ्ठी दिली: चिंतामणला त्रास नसला तरी ताबडतोब तपासून घ्या.

“काहून? वंशाचा दिवा परक्यापुढं धोतर सोडंल?” मोरोपंत कडाडले. चिंतामण रोज दोनशे जोर काढणारा गडी. तो लाजून हसला. मग सगळे त्र्यंबकेश्वरला गेले, शापाची यथासांग शांती झाली. आतड्याला मात्र कोणी कळवलं नाही.

चौसष्ट साली चिंतामण गेला, त्याच दुखण्यानं. वय एकोणचाळीस. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

तिथी मोरोपंतांनी स्वतः लिहिली. मागे कुंदा उभी होती. तिच्या पेन्सिलीतल्या नावाखाली तिथी नव्हती. मोरोपंतांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग ते नाव त्यांनी शाईनं गिरवलं, सत्यभामेचंही गिरवलं. चिंतामणच्या खाली त्याच्या लेकीचं नाव लिहिलं, रमा.

“पोर मोठी झाली की तिले त्या डॉक्टरकडं तूच ने, कुंदा. मी आडवा येणार नाही.”

आता पाहुणे नाक मुरडतात, वंशावळीत मुली कशा म्हणून. मुरडोत बापडे. तुमच्याही भिंतीवर माझी एखादी बहीण असेल. तिला हळदकुंकू नको. तिच्या अंगावरची वयं वाचा आणि गाळलेल्या बायका लिहा. मोरोपंतांना हे सहा वर्षं आधी उमगलं असतं, तर चिंतामणच्या नावाखालची तिथीची जागा आजही कोरी असती.