दुसरा पलंग

जोतीराम सुभेदार होऊन फौजेतून परतला, तेव्हा त्यानं अंजनाला शब्द दिला होता. "मी जितं जितं नोकरी केली, ते समदं तुला दावणार. आन् हाटेलात न्हाई, आपल्या सोताच्या गाडीत राहून." ती जन्मभर उसात राबली होती, सासूचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं. पठाणकोट, जैसलमेर ही नावं तिनं फोनवरच ऐकलेली. त्यामुळं तो शब्द तिच्या मनात रुतून बसला.

दिवाळी झाल्यावर त्यानं जुनी पिकअप घेतली आणि कराडला मोहिद्दीनच्या फॅब्रिकेशनच्या शेडात नेऊन लावली. मोहिद्दीन त्याचा शाळासोबती. आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले, कारण घराचं सगळं वजन मागच्या चाकांवर येणार. मग हौद्यात लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, आतून प्लायवुड, दोन बाजूंना दोन पलंग. शेवटी मागं दणकट हुक बसवला, ट्रॉली ओढायला. ट्रॉलीत पाणी आणि जास्तीचं सामान, असं जोतीराम म्हणाला होता.

बाजाराच्या दिवशी अंजना शेडात हमखास डोकवायची. शेगडीचा ओटा तिच्या कमरेच्या मापानं केला. "वैनी, भाकरी थापून बगा," मोहिद्दीन म्हणायचा, आणि ती कोऱ्या फळीवर हात फिरवून हसायची. जोतीराम बाजूला उभा राहून बघायचा. ट्रॉली जोडलेली गाडी मागं कशी घ्यायची, हे नवऱ्याला तिनंच शिकवलं. घरचा ट्रॅक्टर तो नसताना तीच चालवत आली होती.

पडदे शिवून झाले, ते घेऊन ती शेडात गेली. जोतीराम टायर बघायला सांगलीला गेला होता, आणि मोहिद्दीन एक पलंग उचकटत होता.

"ह्यो का काढताय, भाऊ?"

"लांबी वाढवायची हाय. उदयसिंह सायबांचं पाय भाईर येत्यात. माणूस हाय सव्वासहा फुटी."

उदयसिंह म्हणजे जोतीरामच्या पलटणीतला दोस्त, शिरवळचा. अंजनाच्या हातचं तो कितींदा जेवून गेलेला.

"ते कुठं निघालेत?"

मोहिद्दीननं पाना खाली ठेवला. "वैनी, तुमीच जायला नको म्हणलासा न्हवं? म्हणून तुमच्या जागी सायब. जोतीरामनं तसंच सांगितलं. ट्रॉलीतबी सायबांची बुलेट न्यायची हाय."

पडद्यांची पिशवी तिनं फळीवर ठेवली आणि ती एसटीनं घरी आली.

रात्री ताट वाढून तिनं विचारलं, "मी नको म्हणलं? कवा?"

जोतीरामनं घास ताटात ठेवला. "तसं न्हवं गं. जनावरं कोण बघणार? आन् आमी दोघं तितं ऱ्हायलोय, गोळ्या ऐकल्यात. तुला त्यात काय कळणार? पुढच्या खेपेला तू."

"मग ओटा माझ्या मापाचा कशाला केलासा?"

"तू लय खुशीत हुतीस. तुजं मन मोडवंना मला."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे शेडात ती हसत होती, तेव्हा हा सगळं जाणून तिच्याकडं बघत उभा होता.

सकाळी धारा काढून तिनं कपडे भरले. "मी वडूजला बहिणीकडं चालले. जनावरं तुमी बघा." तिला वाटलं, आता तरी तो थांबेल.

तो थांबला नाही. जनावरं चुलतभाऊ हंबीररावाच्या गळ्यात घालून त्याच आठवड्यात गाडी निघाली. शेजारच्या दीपमालानं फोनवर सांगितलं, "काकी, मिरवणुकीगत गेले. दोगांनी फेटे बांदले हुते."

पुढं जैसलमेरहून त्याचा फोन आला. "अंजना, हितं लय भारी हाय. तू असतीस तर..."

"मी तयारच हुते."

त्यानं विषय बदलला. "घरी कवा जातीस? हंबीरराव कटकट करतोय. त्याला जनावरं झेपंनात."

फोन कशासाठी आलाय ते तिला कळलं. "त्ये तुमी आन् हंबीरराव बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बहिणीनं विचारलं, "कुणाचा गं?"

"उदयसिंह सायबांच्या दोस्ताचा," अंजना म्हणाली. आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला तिथं, बहिणीच्या दारात, एकदम फुटलं.