गठ्ठा सोडून बघा

आमचं गाव बाजाराला युसूफ वडगावला जातं. भांडायला कुठं जात नाही, ती सोय गावातच आहे.

तेरा सालच्या दुष्काळात दूध सोसायटीची निवडणूक लागली. सगळ्या जागा बिनविरोध निघाल्या, अडली ती एकच, चेअरमन राधाकिशनरावांची. चाऱ्याचं गोदाम त्यांच्या ताब्यात. त्यांच्या भाकड म्हशींना कडबा मिळायचा आणि छबुबाईच्या दुभत्या गाईचा नंबर लागेना, म्हणून ती उभी राहिली. निशाणी मिळाली छत्री, चेअरमनना कपबशी. पाऊस नाही आणि छत्री, म्हणून माणसं हसली. मीही हसलो, दुकानदाराला सगळ्यांबरोबर हसावं लागतं. मोजणीला तिचा प्रतिनिधी मात्र मीच.

मोजणारे साहेब उत्तरेश्वरराव, चेअरमनचे सख्खे साडू. उजेड अडतो म्हणून त्यांनी आम्हाला आठ हात लांब बसवलं आणि पंचवीस-पंचवीस मतपत्रिकांचे गठ्ठे स्वतःच बांधले. निकाल: कपबशी एकशे अठरा, छत्री एकोणनव्वद, बाद पाच. राधाकिशनरावांच्या गळ्यात हार पडला.

छबुबाई उठली. "साहेब, गठ्ठे सोडा."

"मोजलेत की, बाई."

"कडबा घेताना आमी पाच पेंढ्यांचा पाचुंदा सोडून बघतो. वरची पेंढी लई गुबगुबीत असती, आखूड माल मधी."

"हा काय कडबा हाय का?" राधाकिशनराव म्हणाले.

"न्हाई भाऊ. कडबा असता तर माझ्यापतुर आलाच नसता."

आता माणसं दुसऱ्या बाजूला हसली.

फेरमोजणीला लेखी अर्ज लागतो, साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, बाई अंगठ्याची. मी कागद पुढं ओढला.

"मन्मथआप्पा, तुमी नुसता पेन द्या."

चार ओळी तिनं लिहिल्या, सही केली, पोच मागितली. गावासमोर पोच दिल्यावर गठ्ठे सोडणं आलंच. कपबशीच्या तिसऱ्या गठ्ठ्यात वर चार कपबशा, खाली चार, मध्ये सतरा छत्र्या. मी दोनदा मोजल्या. साहेबांनी नव्यानं लिहिलं: छत्री एकशे सहा, कपबशी एकशे एक.

नव्या मंडळानं गोदाम तिच्याकडं दिलं. दारावर यादी लागली, दुभती आधी, भाकड नंतर. तिची स्वतःची गाय अकरावी.

"बाई, पहिल्या पाचात तरी घ्यायची," मी म्हटलं.

"मंग उभी कावून ऱ्हायले, आप्पा?"

राधाकिशनरावांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. चूक सापडेना. मग मागं जाऊन रांगेत उभे राहिले, चौतिसावे.