कमानींचे दोरे

आत्या दुकानात शिरली, भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुन्या गाडीच्या छतातून तिने काढलेल्या पाचही कमानी भिंतीवर टांगल्या होत्या. लखलखीत पुसलेल्या, लहानीपासून मोठीपर्यंत, ओळीने. आणि त्यांना बांधलेले दोरे खाली केराच्या सुपलीत पडले होते.

"हे कोणी केलं?"

"मी," जावई म्हणाला. हा तिच्या दादाचा जावई, लेकीचा नवरा. गालांवर नुकती दाढी केल्याची चकाकी, हातात फडकं. "काय तो पसारा होता, आत्या! आता कसं, दुकान दुकानासारखं दिसतं."

आता याला काय सांगायचं? छताचं अस्तर अशा जुन्या गाडीत कमानींवर टांगलेलं असतं. कमान म्हणजे वाकवलेली लोखंडी सळई. अस्तराला वरच्या अंगाने नेफे शिवायचे, पायजम्याला असतो तसे, नाडीच्या जागी कमान ओवायची आणि तिची टोकं छताच्या दोन्ही कडांच्या भोकांत बसवायची. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा. दुसरी आणि चौथी तर दिसायला जुळ्या बहिणी. पण त्यांची अदलाबदल झाली, की कापड पोट सुटल्यासारखं लोंबतं. म्हणून कमान काढता काढताच आत्या तिला दोरा बांधायची. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा. लांबीशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही तिची रीत होती, आणि या दुकानात ती सगळ्यांना ठाऊक होती. जावई सोडून.

आणि दुकान द्यायचं होतं जावयाला. दादाने कालच जाहीर केलं होतं, जेवता जेवता, भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज. दोघं बहीणभाऊ तरुण असल्यापासून दादा गल्ल्यावर बसून गोड बोलायचा आणि आत्या आत वाकून शिवायची. "माझं काम" असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा ती मूग गिळून बसायची. काल मात्र तिने विचारलं होतं, "आणि मी?"

"तू आहेसच की," दादा म्हणाला होता. "तू काय, घरचीच."

घरचीच! मशीनही घरचंच होतं. त्याला निदान तेल तरी मिळायचं.

"साफसफाई छान झाली," आत्या जावयाला म्हणाली. "आता अस्तरही तूच लाव." आणि ती मागे जाऊन सीटची कव्हरं शिवत बसली.

जावयाने लावलं. खरंच लावलं! कमानी लांबीच्या क्रमाने ओवल्या, कडा ओढल्या, आणि छत असं लोंबलं की आत बसणाऱ्याला मान वाकवूनच बसावं लागेल. मग तो म्हणाला की कापडच वाईट आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. कापड आत्याने स्वतः कापून शिवलं होतं. मागे मशीनवर बसून तिने ते ऐकलं आणि सुई मोडली.

दुपारी दादा पडद्याआडून डोकावला. "अगं, जरा हात लाव ना. संध्याकाळी बाई येतील."

बाई म्हणजे गाडीच्या मालकीण, निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी त्यांच्या वडिलांची.

"लावते," आत्या म्हणाली. "पण काम कोणाचं, ते बाईंना माझ्यासमोर सांगायचं. बाकी काही मागत नाही मी. दुकान ठेवा तुमच्या दहाव्या ग्रहाला."

"सांगतो गं! त्यात काय मोठंसं?"

पुढची काच आधीच काढलेली होती, कारण अस्तराची कड काचेच्या रबराखाली जाते. आत्याने सगळं सोडवलं. एकेक कमान छताला लावून पाहिली, दुसरी आणि चौथी तर डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखल्या. पुन्हा ओवलं. मधून कडांकडे, कडांकडून कोपऱ्यांकडे ताणत गेली. सुरकुत्यांना वाफ दिली. छत असं बसलं, की बोटाने वाजवावं.

बाई आल्या, आत बसल्या, वर पाहत राहिल्या. त्यांनी तळहात हळूच छतावरून फिरवला. "अगदी होतं तसं," त्या म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

दादाने आत्याकडे पाहिलं. मग जावयाच्या खांद्यावर हात टाकला. "आमचे जावई. चांगला हात बसलाय त्यांचा. आता दुकान तेच बघणार."

आणि जावई चक्क लाजला!

आत्या पुढे झाली. तिने खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, गाडीत शिरली आणि पुढची कड खाली ओढली. चिकटवलेलं अजून ओलंच होतं. राग डोक्यात मावत नव्हता, तरी कापडाला एक ओरखडा गेला नाही. कमान मागे कलंडवायची, भोकातून सोडवायची, दोरा बांधायचा. एक गाठ. दोन गाठी.

"अगं, वेड लागलं का तुला?" दादाचा आवाज चिरकला. "गिऱ्हाइकासमोर?"

"जावयांचा हात बसलाय ना? बसवतील परत."

"आपण घरचे ना गं!"

"घरचीच होते, दादा. म्हणून तर फुकट गेले." तिचे डोळे भरले आणि त्याचाही तिला संताप आला. पाचव्या कमानीला तिने पाच गाठी मारल्या, अस्तराची घडी घातली आणि बाईंकडे वळली. "माफ करा, बाई. काम माझं आहे. मागच्या गल्लीत माझी खोली आहे, दारात झाड आहे. तिथे गाडी आणलीत तर पुन्हा लावून देते. नाही आणलीत तरी हे सगळं तुमचंच आहे, घेऊन जा."

बाईंनी दादाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. शाळेत कित्येक वर्षं खोटं बोलणारी तोंडं पाहिलेली बाई ती.

"काचेशिवाय गाडी चालते का?"

"हळू चालवली तर."

"मग बसा. काच मागच्या सीटवर ठेवायला सांगा यांना. जपून."

जावयाने निमूटपणे काच ठेवली. आत्या पुढे बसली, मांडीवर कमानी, डोक्यावर उघडा पत्रा. गाडी सुरू झाली, तरी दादा समोरून हलेना. मध्ये काच नव्हती, त्यामुळे मोठ्याने बोलायची गरज पडली नाही.

"दादा," आत्या म्हणाली, "बाजूला हो."