शिवकांताची पांढरी बट

शिवकांताच्या कपाळाशी उजवीकडं एक पांढरी बट होती, जन्मापासूनची. तेवढ्यापायी दोन स्थळं मुरूम गावातून आल्या पावली परत गेली. आता सांगा, संसार पोरगी करणार का तिची बट? निजामाच्या राज्यात पांढऱ्या केसाला सजा नव्हती, पण सोयऱ्यांच्या राज्यात होती.

उमरग्याच्या गिरिजाबाई आपल्या मुलासाठी बघायला येणार म्हटल्यावर शिवकांताच्या आईनं, गौराबाईनं, बाजारातून केस काळे करायच्या खिजाबाची पुडी आणली. हैदराबादचा माल म्हणे! नुसत्या बटेला लावायचा, तर या माउलीनं सगळं डोकं माखलं.

"अव्वा, लई आग होतीया," शिवकांता कळवळली.

"सोस जरा, रंग चढू दे," म्हणत गौराबाईनं वर फडकं आवळलं.

दुसऱ्या दिवशी केस काळेभोर झाले खरे, पण टाळूला फोड आले आणि फणीबरोबर केसांचे पुंजके निघू लागले. तशीच वेणी घालून पोरीला पाटावर बसवलं.

बायकांनी आतल्या खोलीत वेणी सोडून बघायची, गंगावन तर जोडलं नाही ना, ही रीतच होती. गिरिजाबाईंनी वेणी सोडली आणि झुबकाच हातात आला. गौराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. शिवकांताला वाटलं, हेही स्थळ गेलं आणि केसही गेले.

"कुणी लावलं गं हे?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"म्या," शिवकांता म्हणाली. आईचं नाव तिच्या तोंडून निघेना.

गिरिजाबाईंनी गौराबाईच्या काळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं, मग पोरीकडं. थंड पाणी मागवलं, हलक्या हातानं डोकं धुतलं, खोबरेल लावलं. वर फुंकर घालत होत्या, बाई! मग दारात जाऊन ओसरीवरच्या पुरुषांना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. लगीन तिचं डोकं बरं झाल्यावर. तवर कुणी खिजाब लावला तर माझ्याशी गाठ हाय!"

केस परत आले. विरळ आले, आणि बट होती तशीच पांढरी आली. लग्नाच्या सकाळी गिरिजाबाई स्वतः वेणी घालायला बसल्या. कुणीतरी म्हणालं, बट आत दाबा.

"का? चोरून आणलीया का तिनं?" म्हणत त्यांनी बट वरच ठेवली आणि शेजारी अबोली माळली.

शिवकांताचा ऊर भरून आला. या बाईचे उपकार कुठं ठेवू, असं झालं तिला. पाया पडायला ती वाकू लागली.

"हलू नगंस," सासू म्हणाली, "वेणी सुटंल."

शिवकांता हलली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.